आधी सीट, मग आरसे, मग नकाशा

गाडी आता तुझ्या हातात आलीय, तर एवढं सांगून ठेवते. सीट आणि आरसे लावून झाले की मोबाईलचा होल्डर बघ. दादाने तो त्याच्या उंचीला लावलाय. तू सीट पुढे ओढून बसलीस की अर्धा स्क्रीन स्टिअरिंगमागे जाणार आणि तू मान उंचावत बसणार. बिनधास्त हलव. समोरचा रस्ता झाकला जाऊ नये आणि मान वळवावी लागू नये, एवढंच बघायचं.

दादा म्हणेल, नकाशात उत्तर वरच हवी. त्याला हवी असेल. पुण्याहून साताऱ्याकडे, म्हणजे दक्षिणेला निघालीस की त्या नकाशावर बाण खाली सरकतो आणि उजवं वळण डावीकडे दिसतं. ऐन वळणावर हा उलटा हिशेब कोण करणार? कोपऱ्यातल्या होकायंत्रावर बोट ठेव, नकाशा गाडीबरोबर फिरेल. निघण्याआधी घरी मात्र उत्तर वर ठेवूनच सगळी वाट बघ. शहराच्या कुठल्या अंगाला चाललोय ते त्यातच कळतं.

बायकांना नकाशा कळत नाही, असं कुणी म्हणालं तर वाद घालू नकोस. १९९४ साली कॅरल लॉटन या संशोधक बाईंनी लोक वाट कशी शोधतात याचा अभ्यास छापला. त्यात बायकांचा कल वळणावळणाने जाण्याकडे दिसला, पुरुषांचा दिशेचं भान ठेवण्याकडे. पण ही सरासरी झाली. तुझे काका जन्मभर पेट्रोल पंप आणि मारुतीच्या देवळावरच गाडी चालवत आले. पूर्व कुठली, ते मला विचारायचे! तूही शेवटच्या दोन वळणांच्या खुणा आधीच बघून ठेव. ‘३०० मीटरवर उजवीकडे’ म्हणे. मीटर काय मोजत बसायचे?

चांदणी चौकात मात्र खुणांनी भागत नाही. तिथे रॅम्प एकमेकांना इतके खेटून आहेत की आपण वरच्या रस्त्यावर की खालच्या, हे बाणालाही कधीकधी उमगत नाही. आधीच वेग कमी कर, कान आवाजाकडे ठेव आणि डोळे वरच्या पाटीकडे. स्क्रीनकडे बघूच नकोस. फाटा चुकला तर चुकला, रिव्हर्स टाकायचा नाही. पुढून वळून ये.

आणि दादा शेजारी बसला तर नकाशाचा आवाज त्याला बंद करू देऊ नकोस. रस्ता मला पाठ आहे, असं तो म्हणणारच.