मधुमेहातील संयुक्त गोळी व उपवास : वैद्यांनी घ्यावयाची दक्षता

आमच्याकडे प्रमेहचिकित्सेसाठी येणारा रुग्ण आज बहुधा आधुनिक औषध सुरू असतानाच येतो. ‘साखरेची एकच गोळी घेतो’ असे तो सांगतो; परंतु त्या एका गोळीत दोन वा तीन औषधे असू शकतात. हरिहरेश्वर हे शिवक्षेत्र. येथे सोमवार, एकादशी व महाशिवरात्रीचे उपवास निष्ठेने पाळले जातात. म्हणून गोळीतील घटक जाणून घेणे येथे विशेष अगत्याचे आहे.

घटकांचे कार्य

ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन व व्होग्लिबोज हा प्रचलित त्रिसंयोग होय. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडातून इन्सुलिनचा स्राव वाढविते. मेटफॉर्मिन मुख्यत्वे यकृतातील ग्लुकोजनिर्मिती कमी करते. व्होग्लिबोज आतड्यातील पिष्टमय पदार्थ व साखर यांचे पचन मंदावते. तिघांचे मार्ग भिन्न असल्याने संयोग युक्तियुक्त आहे. मात्र आपल्या योगांत वैद्य रुग्णानुसार एखादे द्रव्य कमी-अधिक करतो, तशी सोय या बांधीव गोळीत नाही.

उपवासातील धोका

सकाळी गोळी घेऊन रुग्ण निराहार राहतो, तरी ग्लिमेपिराइडचे कार्य चालूच असते. त्यात समुद्रालगतच्या खडकांतून प्रदक्षिणेचे श्रम घडले, तर रक्तशर्करा ७० मि.ग्रॅ. प्रति डे.लि.च्या खाली जाऊ शकते. घाम, कंप, धडधड, भ्रम ही लक्षणे पित्तप्रकोप वा उन्हाचा त्रास समजून सोडू नयेत. वृद्ध व वृक्कविकारी रुग्णांत हा धोका अधिक. उलट सायंकाळी भरपूर साबुदाणा खाल्ल्यास तीच शर्करा झपाट्याने वाढते.

व्होग्लिबोज घेणाऱ्यास अशा वेळी घरची साखर किंवा पेढा दिल्यास गुण उशिरा येतो, कारण साखरेचे विघटनच मंदावलेले असते. त्यास ग्लुकोजची पूड सुमारे १५ ग्रॅम पाण्यातून द्यावी. ती नसल्यास मध द्यावा. १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी करावी. बेशुद्धाच्या मुखात काहीही घालू नये. तातडीने रुग्णालयात न्यावे.

चिकित्सकांसाठी सूत्रे

१. प्रथम भेटीतच गोळ्यांची पट्टी मागवून घटक व मात्रा नोंदवावी.

२. गुडमार, मामेजवा, कारले इत्यादी शर्कराहर द्रव्ये एका वेळी एकच वाढवावीत व रक्तशर्करा वारंवार मोजावी.

३. गोळीत डापाग्लिफ्लोझिन वा तत्सम औषध असल्यास लंघन, वमन, विरेचन परस्पर योजू नये. रक्तशर्करा फारशी वाढलेली नसतानाही कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो.

४. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्याच्या पाददाहात व सुप्ततेत बी-१२ तपासावे. केवळ प्रमेहाचा उपद्रव मानून थांबू नये.

५. उपवासाच्या दिवशीची गोळी मूळ चिकित्सकाच्या संमतीने आधीच ठरवावी. ती परस्पर बंद करू नये.

सुश्रुतांनी कृश व स्थूल प्रमेही यांची चिकित्सा भिन्न सांगितली आहे. रुग्ण पाहून उपचार ठरविण्याच्या या परंपरेत आज त्याच्या खिशातील गोळी पाहणेही समाविष्ट व्हावे, असे आम्हांस वाटते.