प्रोसेसरच्या आधी प्लॅटफॉर्म निवडा



घरी नवा संगणक जोडायचा ठरला की आपण पहिला प्रश्न विचारतो, "प्रोसेसर कोणता घेऊ?" मीही तोच विचारला होता. पण हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा आज समजून घेऊया.

प्लॅटफॉर्म म्हणजे काय?

मदरबोर्डवर प्रोसेसर ज्या जागी बसतो तिला सॉकेट म्हणतात. सॉकेट, बोर्डाचा चिपसेट आणि रॅमचा प्रकार या तिघांचा मेळ म्हणजे प्लॅटफॉर्म. घराचा पाया एकाच मजल्याचा घातला, तर पुढे हातात पैसे आले तरी वर दुसरा मजला चढत नाही. इथेही तसंच आहे.

माझी चूक

२०१९ मध्ये मी इंटेलचा कोअर आय३-९१००एफ घेतला. स्वस्तात मिळाला म्हणून खूश होतो. नावातल्या 'एफ'चा अर्थ नंतर कळला. त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतं, त्यामुळे वेगळं कार्ड घ्यावं लागलं. दुसरी गोष्ट त्याहून महाग पडली. नववी पिढी ही त्या बोर्डाची शेवटची पिढी होती. दहाव्या पिढीला २०२० मध्ये नवं सॉकेट आलं. २०२२ मध्ये बाराव्या पिढीचा प्रोसेसर घ्यायला गेलो, तर बोर्डही नवा घ्यावा लागला.

माझ्या एका मित्राने त्याच सुमारास एएमडीच्या एएम४ बोर्डावर रायझन ५ २६०० घेतला होता. त्याने २०२२ मध्ये बायोस अपडेट केलं आणि त्याच बोर्डावर, त्याच रॅमसह रायझन ५ ५६०० बसवला. खर्च फक्त प्रोसेसरचा!

प्रमुख पर्याय

१) एएम४ : डीडीआर४ रॅम. २०१७ मध्ये पहिले रायझन यावर आले आणि ५००० मालिकेपर्यंत हेच सॉकेट चाललं. पण रायझन ७००० पासून नवं सॉकेट आलं. जुनी डीडीआर४ रॅम घरात असेल आणि बजेट कमी असेल, तर आजही उपयोगी.

२) एलजीए १७०० : इंटेलची बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी. काही बोर्ड डीडीआर४चे, तर काही डीडीआर५चे असतात. म्हणून बोर्डाचं पूर्ण नाव वाचूनच घ्या.

३) एलजीए १८५१ : ऑक्टोबर २०२४ मध्ये कोअर अल्ट्रा २०० मालिकेसोबत आलं. रॅम डीडीआर५.

४) एएम५ : सप्टेंबर २०२२ मध्ये आलं. फक्त डीडीआर५. रायझन ७००० आणि ९००० दोन्ही यावर चालतात. २०२७ आणि त्यापुढेही या सॉकेटला साथ देऊ, असं एएमडीने जाहीर केलं आहे.

हे लक्षात ठेवा

- डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जोर लावू नका!
- किंमत एकट्या प्रोसेसरची पाहू नका. प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम यांची बेरीज करा.
- सॉकेट जुळलं म्हणजे सगळं जुळलं असं नाही. बोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावर 'कोणते प्रोसेसर चालतात' ही यादी तपासा.
- बायोस अपडेट जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच करा आणि यूपीएस लावून करा. मध्येच लाईट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

मग घ्यायचं काय?

चार-पाच वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा विचार असेल, तर एएम५ वर थोडे जास्त पैसे घालणं शहाणपणाचं. मुलांचा अभ्यास, टायपिंग आणि व्हिडिओ एवढंच काम असेल आणि मशीन पुढे वाढवायचंच नसेल, तर एएम४ किंवा डीडीआर४चा एलजीए १७०० बोर्ड पुरतो. अंथरूण पाहूनच पाय पसरावेत, पण अंथरूण पुढे वाढवता येईल का, हेही पाहावं.

स्वाध्याय

दुकानात जाण्याआधी कागदावर तीन उत्तरं लिहा :

१) या संगणकावर मी रोज काय करणार?
२) तिन्ही भागांची मिळून किंमत किती?
३) याच बोर्डावर पुढे कोणता प्रोसेसर बसेल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोरं राहिलं, तर घाई करू नका. मी तो प्रश्न विचारलाच नव्हता, आणि बोर्डाचे पैसे दोनदा मोजले.