फळावरील विषाचा माग
(सामान्य विज्ञान : वरिष्ठ प्राथमिक वर्गांसाठी)

उद्देश : पिकावर फवारलेल्या विषाचा अंश डोळ्यांस दिसत नसला तरी तो ओळखता येतो, हे विद्यार्थ्यांस समजावून देणे.

प्रस्तावना : १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात शाळेच्या मध्यान्ह भोजनातून मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाची बाधा होऊन २३ बालके दगावली. जेथे शाळेत अन्न शिजते, तेथे हा विषय केवळ पुस्तकी राहत नाही.

विवेचन : एकरंगी प्रकाश पदार्थावर पडला असता त्याचा अत्यल्प भाग रंग बदलून विखुरतो. हा बदल प्रत्येक रेणूचा निराळा असतो. अंगठ्याच्या ठशावरून माणूस ओळखावा, तसा या प्रकाशावरून पदार्थ ओळखता येतो. डॉ. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी हा परिणाम १९२८ साली कलकत्ता येथे शोधला; १९३० साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु हा प्रकाश फारच क्षीण असतो. फळावरील किंचित विष त्याने उमगत नाही. येथे चांदीचे कण साहाय्यास येतात. ते मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान असतात. त्यांस चिकटलेल्या रेणूंचा प्रकाश लक्षावधी पटींनी वाढू शकतो. २०२२ साली स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेत काचेवर असे कण बसवून सफरचंदावरील पॅराथिऑन ५ मिनिटांत ओळखण्यात आले. फळ कापावे लागले नाही.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ साली याच पद्धतीने विष किती खोल जाते हे पाहिले गेले. सफरचंदास लावलेल्या एका बुरशीनाशकाचा सुमारे पाचवा हिस्सा २४ तासांत आत मुरला होता. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने वरचा अंश निघाला. मुरलेला मात्र निघाला नाही.

प्रात्यक्षिक : बटाट्याच्या सालीवर व कापलेल्या भागावर हळदीचे पाणी लावावे. थोड्या वेळाने दोन्ही धुवावे. रंग कोठे राहिला, हे मुलांकडून वदवून घ्यावे. प्रत्यक्ष कीटकनाशक वर्गात कदापि आणू नये.

शिक्षकांचे कर्तव्य : असे यंत्र खेड्यातील शाळेत नसते, सावधगिरी मात्र बाळगता येते. औषधाचा रिकामा डबा कितीही घासला तरी त्यात तेल वा धान्य ठेवू देऊ नये. भाजी व फळे वाहत्या पाण्यात चोळून धुवावीत. फवारणीनंतर वेष्टनावर सांगितलेले दिवस लोटल्यावाचून पीक काढू नये, हे मुलांमार्फत घरोघरी पोहोचवावे.

स्वाध्याय :
१. चांदीच्या कणांचा उपयोग कोणता?
२. धुतल्याने सर्व विष का जात नाही?
३. घरी औषधाचे डबे कोठे ठेवतात, ते पाहून लिहा. डब्यांस हात लावू नये.