परक्या शहरातील पहिली रात्र



आपल्या गावांतून दर वर्षी कित्येक तरुण शिक्षणासाठी व कामासाठी मोठ्या शहरी जातात. निरोप देताना आपण त्यांस दोन गोष्टी सांगतो : अनोळख्यावर विश्वास ठेवू नको, आणि अडल्यास कोणास तरी विचार. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा पाळाव्या, हे मात्र आपण सांगत नाही. ह्याविषयी मोहनदास गांधी यांनी आपल्या आत्मकथेत लिहिलेली एक हकिगत आजच्या धड्यास घेऊ.

सन १८९३ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते एका खटल्याच्या कामी दक्षिण आफ्रिकेत दरबानहून प्रिटोरियास निघाले. वाटेत पहिल्या वर्गाचे तिकीट असताही केवळ वर्णामुळे त्यांस आगगाडीतून उतरविले, व ती रात्र त्यांनी स्टेशनात कुडकुडत काढली. पुढे घोडागाडीत त्यांस मार बसला. तेव्हा उतारूंनीच मध्ये पडून त्यांस सोडविले. जोहान्सबर्ग येथे न्यावयास आलेल्या मनुष्याची व त्यांची चुकामूक झाली, आणि हॉटेलवाल्याने जागा नाही म्हणून वाटेस लाविले.

रविवारी रात्री आठाच्या सुमारास ते प्रिटोरियास उतरले. न्यावयास कोणीच आले नव्हते. पुन्हा अपमान होईल ह्या भयाने ते इतर उतारू निघून जाईपर्यंत थांबले, व मग तिकीट घेणाऱ्यास विचारू लागले. तो सभ्यपणे बोलला, परंतु त्याच्याकडून फारसे साह्य होण्यासारखे नव्हते. इतक्यात जवळ उभा असलेला एक कृष्णवर्णी अमेरिकन गृहस्थ आपण होऊन बोलला. आपल्या ओळखीच्या एका अमेरिकन मनुष्याचे लहानसे हॉटेल आहे, तेथे नेतो, असे त्याने सांगितले. गांधींच्या मनात शंका होतीच. तथापि आभार मानून ते त्याच्याबरोबर गेले. जॉन्स्टन नावाच्या त्या मालकाने, जेवण खोलीतच घ्यावे ह्या अटीवर, त्यांस ठेवून घेतले. पुढे इतर पाहुण्यांस विचारून, कोणाची हरकत नाही असे पाहून, त्याने ती अटही काढून टाकली.

ह्यात आपणांस काय शिकावयाचे? तो साह्यकर्ता स्टेशनाच्या नोकरासमक्ष उघडपणे बोलला. कोठे व कोणाकडे नेणार हे त्याने आधीच सांगितले. आणि दारापर्यंत येऊन मालकाशी स्वतः बोलला. जो आडबाजूस नेऊन बोलतो, ठिकाण सांगत नाही व घाई करतो, त्याजपासून सावध असावे. शंका बाळगणे हा दोष नव्हे. शंकेपायी चांगले साह्य नाकारणे हा मात्र तोटा होय. तसेच निघण्यापूर्वी पत्ता व दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून घ्यावा, कारण मोबाईल बंद पडला की त्यातील सर्व नावे मुकी होतात. रेल्वेत अडचण आल्यास १३९ ह्या क्रमांकावर साह्य मागता येते.

त्या गृहस्थाचे नाव आत्मकथेत नाही. त्या काळी त्याच्या स्वतःच्या देशातही कृष्णवर्णीयांस पुष्कळ दारे बंद होती. बंद दार म्हणजे काय हे ज्यास ठाऊक, तो दुसऱ्याकरिता दार ठोठावतो. आपणांपैकी पुष्कळांस ते ठाऊक आहे.

विचारासाठी प्रश्न :
१. त्या अनोळखी गृहस्थाने विचारण्याची वाट का पाहिली नसावी?
२. उतारूंनी घोडागाडीत मौन धरिले असते तर काय झाले असते?
३. आपल्या गावच्या एस्. टी. थांब्यावर रात्री परका मनुष्य उतरला, तर त्याजपाशी प्रथम कोण जाईल?