मनगटी घड्याळाचा पट्टा



सहामाही परीक्षेच्या वेळी दहावीतील एक विद्यार्थी दर पाच-दहा मिनिटांनी कंपासपेटी किंचित उघडून आत डोकावताना मला दिसला. पर्यवेक्षकाच्या मनात जी शंका यावयाची तीच माझ्या मनात आली. जवळ जाऊन पाहतो तो पेटीत चिठ्ठी नव्हती; चावी देण्याचे एक जुने मनगटी घड्याळ होते. आजोबांनी विश्वासाने नातवाला दिलेले. त्याचा पट्टा एका बाजूने निखळला होता. घरी सांगावे तर बोलणी बसतील, या भीतीने दोन महिने ते घड्याळ पेटीत दडून बसले होते. नाहक शंका घेतल्याची मला मनातल्या मनात लाज वाटली. परीक्षा संपल्यावर आम्ही दोघांनी मिळून जो उद्योग केला, तोच या लेखाचा विषय आहे.

पूर्वी घड्याळ साखळीला बांधून खिशात ठेवीत. १९०४ साली सांतोस-द्युमाँ या ब्राझिलियन विमानवीरासाठी पॅरिसच्या कार्तिए यांनी मनगटी घड्याळ घडविले. कारण विमान चालविताना खिशात हात घालण्यास सवड कोठली? पुढे १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात सैनिकांना हीच अडचण आली व मनगटी घड्याळाचा प्रसार झाला. आपल्या देशात १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे एच.एम.टी.ची घड्याळे तयार होऊ लागली. तो घड्याळाचा उद्योग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला; परंतु ती घड्याळे अजून कित्येक घरांत टिकटिकत आहेत. आपल्या कोयलीला तेलशुद्धीकरणाचा कारखाना १९६५ साली सुरू झाला. जेथे दिवसपाळी व रात्रपाळी यांवर घरातील जेवणाच्या वेळाही ठरतात, तेथे घड्याळ हा दागिना नसून सोबती असतो.

आता मूळ विषयाकडे वळू. घड्याळाच्या डबीला वर दोन व खाली दोन अशी शिंगांसारखी टोके असतात. त्यांना आपण कान म्हणू. प्रत्येक जोडीच्या मध्ये एक आडवी पिन बसते व तिच्यावर पट्टा ओवलेला असतो. ही पिन भरीव नसते. ती एक बारीक नळी असून तिच्या पोटात स्प्रिंग असते. दोन्ही टोके दाबली की आत जातात, सोडली की बाहेर येऊन कानांच्या आतील छिद्रांत बसतात. स्प्रिंगवर जितका जोर, तितका तिचा आकारबदल, हा रॉबर्ट हूकचा १६७८ साली प्रसिद्ध झालेला नियम तुम्ही विज्ञानात शिकता किंवा पुढे शिकाल. चावीच्या घड्याळाला चालविणारी स्प्रिंग आत असते, आणि मनगटावर धरून ठेवणारी ही चिमुकली स्प्रिंग बाहेर. दोघींचा धर्म एकच.

प्रथम मापाचा विचार करावा. दोन कानांमधील आतले अंतर मिलिमीटरच्या पट्टीने मोजावे. पुरुषांच्या घड्याळांत ते बहुधा १८, २० किंवा २२ मिलिमीटर असते. स्त्रियांच्या घड्याळांत त्याहून कमी. आमच्या घड्याळाचे १८ भरले. पट्टा त्याच मापाचा आणावा. अरुंद पट्टा डगडगतो व पिनेवर ताण आणतो. रुंद पट्टा कोंबल्यास चुरगळतो. पिना गंजल्या वा वाकल्या असतील तर त्याही नव्या घ्याव्यात. चार पैसे वाचविण्याच्या नादात घड्याळ गमावण्यात शहाणपण नाही.

मग टेबलावर मऊ फडके पसरून घड्याळ पालथे ठेवावे. कानांवर ओरखडे उठू नयेत म्हणून त्यांना चिकटपट्टी लावावी. पट्टा व कान यांच्या फटीत बारीक पेचकसाचे टोक घालावे. पिनेच्या टोकाजवळ एक कंगोरा असतो. त्याला टोक अडकवून पिन आतल्या बाजूस, म्हणजे कानापासून दूर दाबावी व अलगद उचलावी. येथे घाई करू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली की उडते, म्हणून तोंड अगदी जवळ नेऊ नये. सर्व काम मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून केले तर उडालेली पिन पिशवीतच सापडते.

नवा पट्टा बसविताना क्रम उलटा. बक्कल असलेला आखूड भाग बाराच्या अंकाकडे व छिद्रांचा लांब भाग सहाच्या अंकाकडे यावा. पिन पट्ट्यात ओवून तिचे एक टोक छिद्रात बसवावे, दुसरे दाबून कानाच्या आतून सरकवीत न्यावे. छिद्र सापडताच बारीकसा टक् असा आवाज होतो. त्यावर भरवसा ठेवून थांबू नये. पट्टा बऱ्यापैकी ओढून पाहावा, डावी-उजवीकडे हलवून पाहावा. पिन अर्धवट बसली असेल तर ती फडक्यावरच निसटलेली बरी. रस्त्यावर निसटली तर घड्याळच जाईल.

काही घड्याळांत पिनेऐवजी स्क्रू असतात, काहींत दांडी कायमची जोडलेली असते. तेथे ही रीत चालत नाही; जोर न करता घड्याळजीकडे जावे. चामड्याचा पट्टा घामाने कुजतो, म्हणून रात्री काढून वारा लागू द्यावा.

मी कलाशाखेचा पदवीधर. यंत्रांशी माझे वैर नसले तरी मैत्रीही नव्हती. पहिली पिन माझ्याच हातून उडाली व आम्ही दोघे गुडघे टेकून बाकांखाली ती शोधीत राहिलो. पिशवीची युक्ती त्यानंतर सुचली. दुसरी बाजू मात्र त्या मुलाने एकट्याने बसविली. टक् असा आवाज झाला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले, मी म्हटले, "ओढून पाहा." त्याने ओढून पाहिले. पिन जागची हलली नाही.

त्याच संध्याकाळी त्याने आजोबांना सारे सांगितले. बोलणी बसली, पण पट्टा तुटल्याबद्दल नव्हे, दोन महिने लपवून ठेवल्याबद्दल. नंतर आजोबांनीही पट्टा ओढून पाहिला, घड्याळाला चावी दिली, आणि कपाटातून आजीचे बंद पडून राहिलेले, पट्टा तुटलेले घड्याळ काढून त्याच्या हातावर ठेवले.