सही आता तुझीच चालणार

काय गं, काकूशी परत वाजलं म्हणे तुझं? सकाळी ‘एवढी घोडी झालीस, साधा कुकर लावता येत नाही’ आणि संध्याकाळी मैत्रिणीकडे राहायला जाऊ का विचारलंस तर ‘अजून लहान आहेस’. एकाच दिवसात, एकाच तोंडून! संताप येणारच.

पण काकूला एकटीलाच बोल लावू नकोस. आपल्या कायद्याचं तरी कुठे एकमत आहे? १६ पूर्ण झाली की पालकांच्या संमतीने ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी. १८ ला मत देता येतं, तेही १९८९ पासून. त्याआधी २१ लागायची. मुलीच्या लग्नाला १८, मुलाच्या लग्नाला २१. आणि आपल्या महाराष्ट्रात कडक दारूच्या परवान्याला २५. (त्याच्याशी तुला काही देणंघेणं नाही, असं मी धरून चालते.) सरकारलाच जर मोठं होण्याची एक तारीख ठरवता आली नाही, तर काकूने सकाळ-संध्याकाळ मत बदललं म्हणून काय बिघडलं?

शरीराचंही तसंच. कपाळामागचा मेंदूचा भाग, जो पुढचामागचा विचार करतो, रागाला आवर घालतो, तो पक्का व्हायला पंचविशी उजाडते. भावना उसळवणारा भाग मात्र आधीच जोरात असतो. म्हणून तोंडातून जायचं ते जातं आणि दहा मिनिटांनी तुलाच रडू येतं. रात्री बारापर्यंत झोप न येणं हाही निव्वळ आळशीपणा नव्हे. या वयात झोप आणणारं मेलॅटोनिन उशिरा पाझरतं. हे काकूला जरूर सांग. फक्त मोबाईल उशाशी ठेवून सांगू नकोस, पटायचं नाही तिला.

मग अठराव्या वाढदिवसाला बदलतं तरी काय? तुझी सही.

शाळेत असताना काकांनी तुझं खातं उघडलं होतं ना, त्यावर पालक म्हणून त्यांचं नाव आहे. १८ पूर्ण झाली की बँक नव्याने केवायसी मागते, फोटो मागते आणि एक कार्ड पुढे सरकवते. चौकटीत तुझी सही घेतात, ती त्यांच्याकडे नमुना म्हणून राहते. तिथे वहीच्या शेवटच्या पानावर गिरवतेस तसली वेलबुट्टीची सही ठोकू नकोस. घाईत, उभ्याउभ्या, कुठलंही पेन हातात आलं तरी जशीच्या तशी येईल अशीच कर. नाहीतर पुढे चेक परत येतो आणि काउंटरवरची बाई चष्म्यावरून बघत म्हणते, ‘सही जुळत नाही.’ लहानपणी काढलेल्या पॅन कार्डावर तर तुझा फोटोही नसतो, सहीही नसते. तेही याच खेपेला बदलून घे.

आजवर तुझ्या सहीवर कुणी तुला बांधू शकत नव्हतं. १९०३ साली, तेव्हाचं सर्वात वरचं कोर्ट असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबीबी खटल्यात हे कायमचं ठरवून टाकलं. कायद्याने अजून सज्ञान न झालेल्या एका मुलाने मालमत्ता गहाण ठेवून कर्ज घेतलं होतं. सावकाराला तो करार काही राबवता आला नाही. वाढदिवसाला ही ढाल जाते. पार्टीच्या नादात हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

उद्या हॉस्टेलवर गेलीस की दोन माणसं हमखास भेटतील. पहिली अगदी जिवाभावाची मैत्रीण. तिला हप्त्यावर फोन घ्यायचाय, तू फक्त जामीन राहा. ‘फक्त’ काही नसतं त्यात. तिने हप्ते थकवले तर तिच्याइतकीच देणेकरी तू, आणि चार वर्षांनी स्वतःसाठी कर्ज काढायला गेलीस की सिबिलचा स्कोअर पडलेला.

दुसरा कुणाचा तरी मित्र. ‘तुझं खातं तसंही रिकामंच असतं. एटीएम कार्ड आणि सिम वापरायला दे, महिन्याला पैसे देतो.’ हा सरळ सरळ गुन्ह्याचा मामला आहे. ऑनलाईन लुबाडलेले पैसे असल्या खात्यांतून फिरवतात. पोलीस त्याला ‘म्यूल अकाउंट’ म्हणतात. तक्रार झाली की खातं गोठतं आणि नोटीस येते ती ज्याच्या नावावर खातं त्याच्या घरी, म्हणजे काका दाराची कडी काढतील तेव्हा. मला काहीच ठाऊक नव्हतं, हे पटवून देता देता नाकी नऊ येतात. चांगल्या घरची, हुशार पोरं यात अडकतात, कारण त्यांना तोंडावर ‘नाही’ म्हणणं जड जातं. तुलाही जातं, मला माहितीये. मग ‘घरी विचारून सांगते’ म्हण. १८ झाली म्हणून हे वाक्य वापरायची लाज कशाला? मी अजून वापरते. आणि कधी तुझ्याच खात्यातून पैसे उडाले तर रडत बसायच्या आधी १९३० ला फोन लाव.

धाकट्याचेही कान उपट. काकांची मोटरसायकल घेऊन क्लासला जातो म्हणे. पकडला गेला तर काकांना २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द आणि त्याला स्वतःला पंचविशीपर्यंत लायसन नाही.

राहिली काकूची परवानगी. घरातलं एक काम पूर्ण अंगावर घे. विजेचं बिल घे, गॅसचा नंबर लावायचं घे. तिला आठवण करून द्यावी लागता कामा नये, एवढंच पथ्य. मी तर म्हणेन कुकरपेक्षा हे जास्त महत्त्वाचं, पण काकूला सांगू नकोस हं मी म्हटलं ते. आणि मैत्रिणीकडे जायचं असेल तर काकूने विचारायच्या आधी पत्ता, मैत्रिणीच्या आईचा नंबर आणि परतायची वेळ सांगून मोकळी हो. तरी नाही म्हणाली तर त्या दिवशी नाही. महिन्याभराने परत विचार.

कधी मन फारच काळवंडलं, माझ्याशीही बोलवेनासं झालं, तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलतात.

आणि एक. मतदार यादीसाठी १७ पूर्ण झाल्यावरच आगाऊ अर्ज करता येतो, तेव्हा तुला आज रात्रीही भरता येईल. नमुना ६, ऑनलाईन आहे. जन्माचा दाखला आणि फोटो जवळ घेऊन बस. मात्र काकांना भरायला लावू नकोस, तूच भर.