जुने कंपाउंड धनुष्य घेताना

प्रश्न : माझी उंची पाच फूट पाच इंच आहे. नुकतीच धनुर्विद्या शिकू लागले आहे. दोन वापरलेली कंपाउंड धनुष्ये पाहिली. एक 60 पौंडांचे, ड्रॉ लेन्थ (दोरी ओढण्याचे अंतर) 29 इंचांवर पक्की. दुसरे जुनाट दिसणारे, 40 ते 50 पौंडांचे, 25 ते 28 इंचांत बदलता येणारे. कोणते घेऊ?

उत्तर : दुसरेच. दोन्ही हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत इंचांत मोजा आणि अडीचने भागा; ती तुमची ड्रॉ लेन्थ. तुमच्या उंचीला उत्तर 26 च्या आसपास येईल. रिकर्व्ह धनुष्य थोडे कमी ओढून चालते. कंपाउंडचा कॅम (टोकाचे चाक) ठरलेल्या जागीच थांबतो. 29 इंचांच्या धनुष्याने खांदा आणि नेम दोन्ही बिघडतील. शिवाय जागतिक स्पर्धांत कंपाउंडची कमाल मर्यादाच 60 पौंड आहे; सुरुवातीलाच तिथे जाऊ नका.

रंग उडाला असेल तर उडू द्या, पण लिम्ब (धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजा) नीट तपासा. कापसाचा बोळा कडांवरून फिरवा. धागा अडकला तर तिथे चीर असू शकते, ते धनुष्य सोडून द्या. बाण न लावता कधी दोरी सोडली होती का, हेही विक्रेत्याला स्पष्ट विचारा, कारण त्या एका झटक्याने लिम्ब आणि कॅम निकामी होऊ शकतात. दोरी व केबल विसविशीत असतील तर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा.

पैसे देण्यापूर्वी प्रशिक्षकांसमोर धनुष्य ओढून पाहा, तेही बाण लावूनच.